आधी माणूस, मग पाटी : प्रौढांच्या शिक्षणाची आखणी आणि संकल्पनेची चौकट

प्रौढ साक्षरता वर्गाचे उद्घाटन आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले आहे. समाजमंदिरात फळा टांगला जातो, पाट्या-पेन्सिली वाटल्या जातात, पाहुण्यांची भाषणे होतात आणि पहिल्या रात्री बसायला जागा पुरत नाही. महिन्याभराने सतरंजीवर मोजकी माणसे उरतात. पेरणीच्या दिवसांत वर्गाला कुलूप लागते आणि हजेरीपटाच्या शेवटी एकच निष्कर्ष राहतो : लोकांनाच शिकण्याची आवड नाही.

हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. बाजारात भाजीवालीशी हिशेब घालून पाहावा, गवंड्याला दोन भिंतींचा काटकोन कसा काढतोस असे विचारावे; शिकण्याची आवड नसलेला माणूस सापडणे कठीण. दोष आवडीत नसून आखणीत असतो. मुलांसाठी तयार केलेली आखणी आपण मोठ्या माणसांवर घालतो. तो सदरा त्यांना बसत नाही, म्हणून ती निमूटपणे उठून जातात. प्रौढांच्या शिक्षणाची आखणी कोणत्या विचाराच्या आधारे करावी, त्या विचाराची चौकट कशी बांधावी आणि ती आपल्या परिसरात कशी वापरावी, याचा अभ्यास या लेखात मांडत आहोत.

चौकट कशाला हवी?

घर बांधताना दाराची चौकट आधी उभी करतात आणि भिंत तिच्या मापाने चढवतात. चौकट तिरकी बसली, तर पुढचा गवंडी कितीही कुशल असला तरी दार नीट लागत नाही. शिक्षणाच्या आखणीतील संकल्पनांची चौकट हेच काम करते. शिकणारा कोण, तो का शिकतो, शिकणे म्हणजे काय आणि ते झाले हे कशावरून ओळखावे, याविषयीचे आपले गृहीत ती आपल्याला आधी लिहून काढायला लावते. पुस्तक, वेळ, जागा, शिक्षक आणि परीक्षा यांची निवड मग त्या गृहीतांवरून ठरते.

चौकट लिहिली नाही म्हणून ती नसते असे नाही. ज्याला काहीच येत नाही त्याला आम्ही काही देणार, ही सुद्धा एक चौकटच आहे. ती कागदावर नसते, परंतु वर्गातील प्रत्येक वाक्यात ऐकू येते आणि प्रौढ माणसाला ती पहिल्याच रात्री कळते.

आपल्या इतिहासातील पहिले गृहीत

महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली आपल्या घरी कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. या घटनेचा उल्लेख आपण नेहमी करतो, पण तिच्यातील आखणीकडे आपले लक्ष जात नाही. वेळ रात्रीची होती, कारण दिवस कामाचा होता. वर्ग घरात होता, कारण त्या घराचे दार या माणसांना उघडे होते. शिकणाऱ्याच्या आयुष्यावरून वेळ आणि जागा ठरवणे, ही प्रौढ शिक्षणाची पहिली खूण तेथे दिसते.

दुसरा दाखला १९२९ सालचा आहे. सायमन कमिशनशी सहकार्य करणाऱ्या मुंबई प्रांतिक समितीचे सदस्य या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ मे १९२९ रोजी स्वतंत्र अहवाल सादर केला आणि प्रौढ मताधिकाराची मागणी केली. त्या काळी मत देण्याचा अधिकार थोड्या लोकांपुरता होता आणि निरक्षरांना मत कसे द्यावे, हा आक्षेप नेहमीचा होता. बाबासाहेबांनी या आक्षेपातील दोन चुका दाखवल्या. निरक्षर माणूस बुद्धिहीनच असतो असे मानणे ही पहिली चूक. साक्षरतेमुळे माणसाकडे निरक्षरापेक्षा अधिक समज येतेच असे मानणे ही दुसरी.

हा युक्तिवाद मताधिकारासाठी होता, परंतु प्रौढ शिक्षणाच्या कोणत्याही चौकटीची पहिली ओळ तोच आहे, असे आम्ही मानतो. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला आणि त्याला अक्षराची अट घातली नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कोट्यवधी निरक्षर नागरिकांनी मतदान केले. आपल्याकडे हक्क आधी आला आणि अक्षर मागून आले. जेथे हीच अट कायद्याने घातली होती, तेथे काय घडले हे पाहिले म्हणजे आखणीचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. त्यासाठी आपल्याला अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका बेटावर जावे लागेल.

जॉन्स आयलंड, १९५७

साउथ कॅरोलायना राज्यात चार्ल्स्टन शहराजवळ जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. तेथील कृष्णवर्णीय शेतमजुरांना मतदार म्हणून नाव नोंदवायचे, तर वाचनाची परीक्षा द्यावी लागे. नोंदणी अधिकाऱ्यापुढे संविधानाचा उतारा वाचून दाखवावा लागे. ज्यांच्या पूर्वजांना गुलामगिरीत अक्षर शिकणे मना होते, त्यांच्यापुढे आता अक्षराचीच भिंत उभी केली होती.

ईसॉ जेन्किन्स हे बेटावरील कामगारांना आपल्या बसमधून शहरात नेत. वाटेत ते प्रवाशांना मतदानाविषयी सांगत आणि नोंदणीसाठी लागणारा उतारा समजावून देत. प्रवासी तो पाठ करीत. पण पाठ केलेले वाचन नव्हे, आपल्याला खरेच वाचायला शिकायचे आहे, अशी मागणी प्रवाशांतूनच आली. टेनेसी राज्यातील हायलँडर फोक स्कूल ही माइल्स हॉर्टन यांनी १९३२ साली सहकाऱ्यांसह स्थापन केलेली संस्था मदतीला आली. चार्ल्स्टनच्या शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांना नागरी हक्कांच्या संघटनेचे सदस्यत्व सोडण्यास नकार दिल्यामुळे १९५६ साली नोकरी गमवावी लागली होती. त्या हायलँडरमध्ये दाखल झाल्या आणि त्यांनी या वर्गाची आखणी हाती घेतली.

या बेटावर प्रौढांचे वर्ग पूर्वीही झाले होते आणि बंद पडले होते. त्यांत मोठ्या माणसांना लहान मुलांच्या बाकांवर बसावे लागे. पाय बाकाखाली मावत नसत, मुले हसत, आणि लोक येईनासे झाले. क्लार्क आणि हॉर्टन यांनी यावरून धडा घेतला तो असा : व्यवसायाने शिक्षक असलेली व्यक्ती या वर्गावर नेमायचीच नाही, कारण तिला मोठ्यांना मुलांसारखे शिकवण्याची सवय असते. त्यांनी क्लार्क यांच्या नात्यातील बर्निस रॉबिन्सन यांना निवडले. त्या केशभूषेचा आणि शिवणाचा व्यवसाय करीत. आपण शिक्षिका नाही, असे म्हणून त्यांनी आधी नकार दिला होता. नेमका तोच त्यांचा गुण ठरला.

हायलँडरच्या मदतीने एक जुनी इमारत घेतली गेली. दर्शनी भागात सहकारी किराणा दुकान थाटले आणि मागच्या खोल्यांत वर्ग भरू लागला, म्हणजे विरोधकांच्या नजरेत तो येणार नव्हता. ७ जानेवारी १९५७ रोजी १४ प्रौढांसह पहिला वर्ग भरला. हिवाळा निवडला, कारण तेव्हा शेतातली कामे कमी असतात.

रॉबिन्सन यांनी प्राथमिक शाळेतील मुलांचे साहित्य मिळवले होते. ते या माणसांच्या कामाचे नाही हे ध्यानी येताच त्यांनी ते बाजूला ठेवले आणि तुम्हांला काय शिकायचे आहे, असे विचारले. आपले नाव लिहायचे आहे, बायबल वाचायचे आहे, मनीऑर्डरचा अर्ज भरायचा आहे, नोंदणीसाठीचा कायदा वाचायचा आहे, अशी उत्तरे आली. हाच अभ्यासक्रम झाला. पुठ्ठ्यावर नाव लिहून दिले जाई आणि त्यावरून पेन्सिल फिरवून फिरवून हाताला वळण लावले जाई. भिंतीवर संयुक्त राष्ट्रांचा १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला होता. वर्ग संपेपर्यंत तो वाचता यावा, हे ध्येय ठेवले होते. परीक्षा मात्र वर्गात नव्हती, ती नोंदणी अधिकाऱ्याच्या टेबलापुढे होती. दोन-तीन महिन्यांनी या शिकणाऱ्यांनी तेथे जाऊन मतदार यादीत आपली नावे घालून घेतली.

हे वर्ग नागरिकत्व शाळा म्हणून ओळखले जाऊ लागले आणि इतर बेटांवर पसरले. १९६१ साली हा कार्यक्रम डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे गेला आणि दक्षिणेतील राज्यांत ठिकठिकाणी पोहोचला. त्याच वर्षी टेनेसी राज्याने हायलँडर शाळा बंद पाडली. १९६५ च्या मताधिकार कायद्याने त्या राज्यांतील साक्षरतेच्या परीक्षा स्थगित केल्या.

शास्त्राने दिलेली नावे

जॉन्स आयलंडवर जे आधी प्रत्यक्षात आले, त्याला पुढे शास्त्रात स्थान मिळाले. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी १९७० च्या दशकात अँड्रॅगॉजी म्हणजे प्रौढशिक्षणशास्त्र ही कल्पना लोकप्रिय केली. प्रौढ अध्येत्याविषयीची त्यांची सहा गृहीते अशी सांगता येतील. हे का शिकायचे, हे प्रौढाला आधी कळावे लागते. तो स्वतःला स्वतःचे निर्णय घेणारा माणूस मानतो. त्याचा अनुभव हेच शिकण्याचे भांडवल असते. आयुष्यात गरज उभी राहिली की तो शिकायला तयार होतो. त्याला विषय शिकायचा नसतो, अडचण सोडवायची असते. आणि बाहेरच्या बक्षिसापेक्षा आतली ओढ त्याला अधिक काळ टिकवते.

ही गृहीते उपयोगाची आहेत, पण पुरेशी नाहीत. नोल्स यांची नजर एकट्या अध्येत्यावर असते. हा माणूस निरक्षर राहिला तो कोणत्या व्यवस्थेमुळे, आणि त्याच्या निरक्षर राहण्यात कोणाचा लाभ आहे, हे प्रश्न त्या नजरेत येत नाहीत. ते ब्राझीलचे पाउलो फ्रेइरे यांनी विचारले. ब्राझीलमध्येही तेव्हा निरक्षरांना मताधिकार नव्हता. १९६३ साली आंजिकोस या गावी त्यांच्या पद्धतीने सुमारे ३०० कष्टकऱ्यांना ४० तासांत वाचन-लेखन शिकवण्याचा प्रयोग झाला. पाठ्यशब्द तेथील लोकांच्या रोजच्या बोलण्यातून निवडले होते आणि प्रत्येक शब्दाबरोबर त्यामागील परिस्थितीची चर्चा होत असे. १९६४ च्या लष्करी उठावानंतर फ्रेइरे यांना कारावास घडला आणि देश सोडावा लागला. अक्षरांची सत्तेला भीती वाटत नाही. अक्षरांबरोबर येणाऱ्या प्रश्नांची वाटते.

सहा प्रश्नांची चौकट

या सर्वांतून आपल्या उपयोगाची चौकट सहा प्रश्नांत मांडता येते.

१. शिकणारा कोण आहे आणि त्याला आज काय येते?
२. त्याला हे कशासाठी हवे आहे, आणि ते त्याला आजवर का मिळाले नाही?
३. शिकून झाल्यावर तो प्रत्यक्षात काय करू शकेल?
४. ते झाले, हे कोठे आणि कशावरून दिसेल?
५. कोणी, कोठे आणि केव्हा शिकवावे?
६. त्यासाठी कोणते शब्द, अंक, कागद आणि कोणती रीत लागेल?

येथे क्रमाला महत्त्व आहे. बहुतेक वर्गांची आखणी सहाव्या प्रश्नापासून, म्हणजे पुस्तकापासून सुरू होते आणि पहिल्या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही. जॉन्स आयलंडवर पुस्तक सर्वांत शेवटी आले.

एक नमुना : कोयत्याच्या जोडीसाठी वर्ग

निवासी शाळा आणि ऊसतोड यांचे नाते मराठवाड्यात वेगळे सांगावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील कारखान्याच्या वाटेला लागतात आणि मूल वसतिगृहात राहते. अशा पालकांसाठी वर्ग आखायचा झाल्यास ही चौकट कशी वापरता येईल, ते पाहू.

पहिला प्रश्न, यांना काय येते? किती मोळ्यांचा टन होतो, हे त्यांना नजरेने कळते. नोटा ओळखता येतात, तोंडी हिशेब येतो. म्हणजे आपण कोऱ्या पाटीपासून आरंभ करीत नाही. संख्या त्यांच्याजवळ आहे, तिची लेखी खूण तेवढी नाही. म्हणून या वर्गात अक्षराआधी अंक यावेत.

दुसरा प्रश्न, कशासाठी? हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल आणि हंगामाअखेर निघालेली बाकी, या दोहोंमधला हिशेब दुसऱ्याच्या वहीत असतो. समजा, जोडीने ८०,००० रुपये उचल घेतली. टनाला ४०० रुपये दर धरला आणि दिवसाला दीड टन तोड झाली, तर दिवसाचे ६०० रुपये होतात. १२० दिवसांत ७२,००० रुपये फिटले. बाकी ८,००० राहिली. मुकादमाच्या वहीत ती १४,००० दिसत असेल, तर वरचे ६,००० कोठून आले? कदाचित मधल्या काळात बाजारासाठी घेतलेले पैसे असतील, कदाचित तेच पैसे दोनदा धरले असतील. हे विचारायला स्वतःची नोंद हवी. बाकी फिटली नाही की पुढचा हंगाम बांधला जातो, आणि ती वाढत गेली की एक दिवस घरातले थोरले पोरही शाळा सोडून फडावर जाते. या वर्गाचा आपल्या शाळेच्या हजेरीपटाशी असलेला संबंध तो हा.

तिसरा आणि चौथा प्रश्न एकत्र घ्यावेत. वर्गानंतर जोडीने स्वतःच्या वहीत रोज तारीख, वजन आणि घेतलेले पैसे लिहावेत, वजनाच्या पावतीवरचा आकडा वाचावा, आणि करारावर अंगठा उठवण्याआधी रकमेची ओळ तरी वाचावी. याची परीक्षा समाजमंदिरात होणार नाही. पुढच्या चैत्रात ती वही घरी परत येईल आणि मुकादमाच्या वहीशेजारी ठेवली जाईल, तेव्हा निकाल लागेल.

पाचवा प्रश्न. माणसे गावी परततात ती गाळप संपल्यावर आणि पेरणी लागते मृगाला. मधले आठ आठवडे हीच वर्गाची वेळ. आठवड्यातून दोन रात्री, दोन-दोन तास धरले तर ३२ तास मिळतात. जागा ओसरीची किंवा समाजमंदिराची असावी, बालवाडीची नसावी. शिकवणारी व्यक्ती गावातली असावी : बचत गटाची वही लिहिणारी ताई, किंवा आपल्या शाळेतून शिकून गेलेला, ज्याचे आईवडील कोयता धरत होते असा तरुण. त्याला स्पष्ट मोठ्याने वाचता यावे, सुवाच्य लिहिता यावे आणि चुकणाऱ्याला हसू नये, एवढी पात्रता पुरे. येथे आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. कोयता म्हणजे जोडी. परंतु उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. निम्मे काम करणाऱ्या बाईला रक्कम ठाऊकही नसते. म्हणून आरंभीचे काही वर्ग स्त्रियांचे वेगळे घ्यावेत, म्हणजे त्या मोकळेपणाने बोलतील, आणि हिशेबाचे वर्ग जोडीने घ्यावेत.

सहावा प्रश्न, कोणते शब्द? उचल, टन, दर, बाकी हे चार शब्द घेतले तर उ हा स्वर, च, ल, ट, न, द, र, ब, क ही आठ व्यंजने, काना आणि दुसरी वेलांटी हाती येते. त्यांतून चाल, नाक, दार, नदी, लाट, काकी असे शब्द शिकणारी माणसे स्वतःच जुळवू लागतात. ‘बाकी’ हा शब्द फळ्यावर आला की त्यावर बोलणे होणारच. ते होऊ द्यावे. शिक्षकाने तेव्हा फळा पुसण्याची घाई करू नये.

मुकादम पुष्कळदा गावचाच असतो, कधी भावकीतलाही असतो. वहीवरून वाद होऊ शकतो. म्हणून हिशेब मागायला एकट्याने न जाता दोन-तीन जोड्यांनी मिळून जावे, हेही आखणीतच लिहिले पाहिजे. जॉन्स आयलंडच्या वर्गापुढचे किराणा दुकान आपल्याला हेच शिकवते. ज्यांच्यासाठी वर्ग आहे त्यांना धोका कोठून आहे, याचा विचार ही आखणीचीच बाब आहे.

एक सावधगिरी

चौकटीचा छापील नमुना होऊ लागला की तिचा प्राण जातो. सहा प्रश्नांचे सहा रकाने करून ते कार्यालयात बसून भरले, तर पुन्हा हजेरीपटच भरला जाईल. उत्तरे शिकणाऱ्यांकडून यायला हवीत आणि दर महिन्याला ती तपासायला हवीत. केंद्र शासनाच्या २०२२ ते २०२७ या कालावधीच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाबरोबर जीवनकौशल्ये, व्यावसायिक कौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण हे घटक आहेत आणि शिकवण्याचे काम स्वयंसेवकांवर सोपवले आहे. म्हणजे आपल्या नमुन्यातील वर्गाला तेथे जागा आहे. चाचणीत उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या शासन मोजेल, ते त्याचे काम. वही परत आली की नाही, हे आपण मोजावे.

माजी विद्यार्थ्यांस

या स्मरणिकेचे वाचक बहुतांशी या शाळेतून शिकून गेलेले आहेत. अनेकांच्या घरात अक्षर ओळखणारी पहिली पिढी तेच होते. शाळेने तुम्हांला शिकवले ते तुमच्या आईवडिलांनी घाम गाळून दिलेल्या सवडीमुळे. देणगीची पावती फाडणे चांगलेच आहे, पण त्याहून कमी खर्चाचे आणि अधिक कष्टाचे एक काम आम्ही सुचवतो.

येत्या चैत्रात आपापल्या वस्तीवर परतलेल्या पाच जोड्यांकडे जावे. पाटी, पुस्तक, बॅनर काही नेऊ नये. ओसरीवर बसावे आणि एवढेच विचारावे : मामा, मामी, तुम्हांला काय वाचता यावे असे वाटते? ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून शाळेकडे पाठवावे. पंचवीस वस्त्यांवरून अशी पाने आली, तर उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षक आणि माजी विद्यार्थी एकत्र बसून पहिल्या वर्गाची आखणी करू शकतील. फळा शाळेत आहे, खडूही आहे. त्या पानांची आम्ही वाट पाहत आहोत.